लाकडी बरगड्या

वन्संचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी दारावरची बेल गेली, मग फोन, मग पाठीमागून मारलेली हाक. ज्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला तपासायची नळी लावूनही त्यांना काहीच ऐकू आलं नाही, त्या दिवशी त्यांनी त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, दवाखान्याचं दार ओढून घेतलं आणि किल्ली लेकीच्या हातात दिली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. छातीच्या डॉक्टर. पेशंट त्यांना 'छातीवाल्या बाई' म्हणत, आणि त्यावरून कुणी विनोद करायच्या आत त्या स्वतःच करून टाकत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला खोकला झाला. घरातले बाकीचे औषधांची नावं सुचवत होते. वन्संनी मला पाठमोरी बसवलं, नळीबिळी न शोधता कान थेट माझ्या पाठीला लावला आणि म्हणाल्या, "काही नाही, घर नवीन आहे म्हणून घसा कोरडा पडलाय. हिला जरा एकटं बसू द्या." मला रडू आलं होतं. सासरी आल्यापासून माझं नीट ऐकून घेणारं ते पहिलं माणूस.

आणि ऐकणं हाच तर माझाही धंदा. मी रेडिओ केंद्रावर नाटकांना आवाज पुरवायची. आमच्या खोलीत वाळूचा ट्रे, खडीचा ट्रे, कुठेही न उघडणारं पण चारी प्रकारच्या कड्या असलेलं एक दार, आणि कपाटभर भंगार असे. कोबीचा दांडा मोडला की हाड मोडायचं. ओल्या कातड्यावर मूठ आपटली की कुणीतरी मार खायचं. माइकला टॉवेल गुंडाळून त्यावर बोटांनी धप-धप केलं की नायिकेचं काळीज धडधडायचं. दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारून बघायची माझी खोड कधी गेली नाही. घरातली पोरं मला 'खटखट मामी' म्हणत, आणि ती आता स्वतः चष्मा लावायला लागली तरी म्हणतातच.

त्या काळी जेवणाच्या टेबलावर आमचा दोघींचा एक खेळ असे. जिन्यात कुणी चढू लागलं की मी चपलेवरून ओळखायची आणि वन्सं श्वासावरून. "दूधवाला," मी म्हणायची. "दूधवालाच, पण त्यानं सिगरेट पुन्हा सुरू केलीय," वन्सं म्हणायच्या. माझा नवरा कपाळावर हात मारून म्हणे, "या घरात गुपचूप शिंकायचीसुद्धा सोय नाही."

तर त्या वन्सं आता खिडकीपाशी खुर्ची टाकून गप्प बसू लागल्या. कानातलं मशीन दोनदा बदललं. त्यातून माणसांचं बोलणं पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. लोक बोलायला लागले की मान हलवायच्या, लोक हसले की हसायच्या. त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, कामावरून आली की त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन एकेक शब्द तोडून ओरडायची, "आई! जे-व-लीस का?" आणि वन्सं तेवढ्याच शांतपणे म्हणायच्या, "हळू बोल, खालच्या मजल्यावरचे म्हणतील आम्ही जेवलो."

एकदा दुपारी आम्ही दोघीच होतो. मी त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं, विचारलं, "फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं का हो?"

त्या म्हणाल्या, "बोलणं गेलं त्याचं मला काही नाही, वहिनी. निम्मं तर नुसतंच असायचं. छाती गेली गं. माणूस तोंडानं सांगायचं एक, आणि छाती सांगायची खरं. तेवढी एकदा परत मिळाली असती ना..." आणि हात झटकून खिडकीकडे वळल्या.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर मिक्सर लावला होता. वन्सं शेजारी ओट्याला तळवा टेकून उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, "बंद कर. पातं सैल झालंय." मी भांडं काढून बघितलं. पातं खरंच डगमगत होतं. मला, कान शाबूत असलेल्या बाईला, कळलं नव्हतं.

त्यांच्या तळव्याला कळलं होतं.

मी रात्रभर तळमळले वगैरे नाही. मी छान झोपले, आणि सकाळी उठले ती ठरवूनच उठले. काळजाचा ठोका हा तसाही खर्जातला आवाज. कानाआधी तो अंगाला लागतो. वन्संना छाती ऐकवायची, तर ती कानात घालायची नाही, पायाखाली घालायची. त्यासाठी हवी होती जमीन. आमच्या घरांची जमीन फरशीची, फरशीखाली सिमेंट. तिच्यावर कितीही आपटा, मुक्या माणसासारखी बघत राहते. मला पोकळ, लाकडी, बोलकी जमीन हवी होती. मग मी गावभर टिचक्या मारत हिंडले. शाळांचे रंगमंच झाले, एका गोदामाचा माळा झाला. गोदामाच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "आजी, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "हो. जमीन." त्यानं मला बसायला स्टूल आणि प्यायला पाणी दिलं.

शेवटी ती सापडली एका बंद पडलेल्या नृत्यशाळेत. जुनी दगडी इमारत, तिचं आता कलाकेंद्र झालं होतं, आणि केंद्राच्या रिकाम्या खोल्या ध्वनीचं काहीतरी करणाऱ्या लोकांना महिनाभर वापरायला आणि त्यात प्रदर्शन भरवायला मिळणार आहेत अशी पाटी बाहेर लागली होती. महिना संपला की वरच्या मजल्यावर छोट्या केबिन पाडायच्या होत्या. मी आत गेले. तिथली तरुण संचालिका मला बघून गोड हसली. "आजी, वाचनालय तळमजल्यावर आहे."

"मला वरचा हॉल बघायचाय."

"तिथे लिफ्ट नाही हो."

"मग मी उडत जाते," मी म्हटलं, आणि जिना चढायला लागले.

हॉल लांबट होता. दोन्ही बाजूंना जाड दगडी भिंती, भिंतीत इतक्या खोल खिडक्या की कट्ट्यावर माणसानं मांडी घालून बसावं. आणि जमीन फळ्यांची. मी टाच आपटली. आवाज खाली गेला, थोडा वेळ आत राहिला, आणि मग पोटऱ्यांतून वर आला. मी संचालिकेला म्हटलं, "मला ही खोली नको. मला हिची छाती करायचीय." ती बिचारी आधी घाबरली. मग मी तिला सगळं समजावून सांगितलं, वन्संसकट. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमचं वय फॉर्मवर लिहायची गरज नाही."

सुतार माझ्या माहेरच्या ओळखीतला होता. त्यानं एक फळी उचकटली आणि बॅटरी मारून आत बघितलं. ओळीनं तुळया गेल्या होत्या, मध्ये हातभर पोकळी. "काकू," तो म्हणाला, "ही जमीन नाही, ही पेटी आहे."

"पेटी नाही रे, बरगड्या आहेत."

"मग मी आजपासून हाडांचा डॉक्टर," तो म्हणाला आणि कामाला लागला. आम्ही त्या तुळयांना खालून स्पीकर बसवले. हे स्पीकर वेगळे, त्यांना भोंगा नसतो, नुसती थरथरणारी जड चकती. हातात धरलं तर मुंग्या येतात, आवाज जवळजवळ नाहीच. लाकडाला आवळलं की ते लाकूडच बोलायला लागतं. प्रत्येक तुळई वेगळ्या सुराला बोलत होती; कुठल्या तुळईला कुठली चकती, हे ठरवताना मी हॉलभर पालथी पडून गाल फळीला लावत होते. सुतार म्हणायचा, "काकू, हललात तर कळवा. मला काळजी वाटते."

भाचीला हे कळलं तेव्हा ती तरातरा माझ्याकडे आली. "मामी, तू माझ्या आईला चार लोकांत उभी करणार? तिला काही जाणवलं नाही तर? सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहतील आणि ती आपली मान हलवेल. मला ते बघवणार नाही."

"नाही जाणवलं तर नाही जाणवलं."

"तुझं काय जातंय म्हणायला! त्यानंतर घरी तिच्याजवळ मी असते."

ती चुकीचं बोलत नव्हती. म्हणून मी वाद घातला नाही, आणि काम थांबवलंही नाही.

छाती माझीच वापरायची ठरवली. घरी गादीखाली शिरून, माइक छातीला बांधून, मी माझे ठोके टेपवर घेतले. मग कलाकेंद्रातल्या कॉम्प्युटरसमोर बसून ते साफ केले. इतकं सुरेख काम मी आयुष्यात केलं नव्हतं. खरखर नाही, पोटातली गुरगुर नाही, एकेक ठोका पाण्यातून काढलेल्या गोट्यासारखा. सुतारानं पायातल्या चपला काढून ऐकलं आणि अंगावर आलेला काटा मला दाखवला.

वन्सं यायला तयार नव्हत्या. "मला सर्कशीतल्या अस्वलासारखी नाचवू नकोस," म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही तरी लिफ्ट नाहीये तिथे, तुम्हाला जिना झेपणार नाही." त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि साडी बदलायला आत गेल्या. जिना त्या माझ्या पुढे चढल्या.

हॉलच्या मधोमध त्यांना अनवाणी उभं केलं. सुतार दारात, भाची भिंतीला टेकून, दोन्ही हात घट्ट बांधून. मी बटण दाबलं. जमीन ठोके देऊ लागली. खिडकीची एक काच किंचित किणकिणत होती. वन्संनी डोळे मिटले. मला वाटलं, आता त्या हसतील. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या गुडघ्यावर बसल्या, दोन्ही तळवे फळीवर ठेवले. मग उठल्या.

"कोण आहे हा?"

"मी आहे, वन्सं," मी ओठ दाखवून म्हटलं.

"मग तू मेलेली आहेस."

भाची पुढे आली. "आई, चल आपण—"

"थांब गं. वहिनी, हे ठोके घड्याळासारखे पडतायत. जिवंत माणसाचे असे पडत नाहीत. श्वास आत घेतला की ठोका जरा लगबगीनं येतो, सोडला की रेंगाळतो. हिचे सगळे एका मापाचे. आणि फुप्फुसं कुठायत? ही बाई श्वासच घेत नाहीये!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेडिओवर आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं: दोन वाक्यांमधला श्वास काप. नट कितीही मोठा असो, त्याचा श्वास ऐकू आला की साहेब टेप परत पाठवायचे. अख्खी नोकरी मी लोकांचे श्वास कापले, आणि इथेही, हात सवयीनं चालत असताना, श्वासाचा तुकडा आला की काप, श्वासाचा तुकडा आला की काप, असं करत निवडक ठोके एकाला एक चिकटवले होते. मी हे त्यांना सांगितलं.

"श्वास कापलास?" वन्सं कडाडल्या. त्यांचा तो दवाखान्यातला आवाज कितीतरी दिवसांनी ऐकत होतो आम्ही. "श्वास म्हणजे काय केर आहे झाडून टाकायला? आयुष्यभर छातीच्या डॉक्टरणीबरोबर जेवलीस आणि हे शिकलीस?"

दारातून सुतार म्हणाला, "काकू, मेल्यावर बरं वाटतंय का?"

आणि तेव्हा भाचीच्या ध्यानात आलं. तिनं माझा दंड धरला. "मामी," ती पुटपुटली, "अगं, म्हणजे तिला कळलं."

वन्संचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या हॉलभर फिरत होत्या, टाचेनं फळ्या ठोकत. "टेप नको," त्यांनी फर्मावलं. "टेपवरचा माणूस 'खोल श्वास घ्या' म्हटलं तर घेतो का? मला जिवंत छाती हवी. समोर. मी सांगेन तसं वागणारी."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची तपासायची नळी घेऊन आल्या. मी माइक कुठे बसवायचा ते दाखवलं. त्यासाठी रबराची नळी मध्ये कापावी लागणार होती. ती नळी त्यांच्या गळ्यात मी माझ्या लग्नापासून बघत आले होते. मी कात्री हातात घेऊन नुसतीच उभी राहिले.

"बघतेस काय? काप."

"वन्सं, दुसरी एखादी आणूया ना आपण."

"दुसरी मला परकी. आण इकडे." आणि त्यांनी स्वतः कापली.

मी माइक बसवला, नळीचं तोंड छातीला लावलं, हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि सुतारानं बटण दाबलं. अख्खी इमारत किंचाळली. जमिनीचा आवाज माझ्या पायातून छातीत, छातीतून माइकमध्ये, माइकमधून परत जमिनीत, असा भोवरा सुरू झाला. छतावरून धूळ पडली. खालून संचालिका धावत वर आली. वन्संनासुद्धा ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी कान झाकले, आणि मग कान झाकल्याबद्दल स्वतःच हसल्या.

आवाज कमी करून बघितला. मग वन्संच्या पायांना काही लागेना. वाढवला की किंचाळी. मी खुर्चीत बसले, खुर्चीखाली गाद्या घातल्या, उपयोग नाही. जेवायची वेळ टळली, आमचे चेहरे उतरले. भाची, जी सुट्टी टाकून आली होती आणि आत्तापर्यंत काही बोलली नव्हती, खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसली होती. तिथूनच म्हणाली, "मला इथे काहीच जाणवत नाही. तुम्ही सगळे थरथरताय ते दिसतंय फक्त."

सुतारानं आणि मी एकमेकांकडे बघितलं. तो कट्टा दगडी. भिंतीतून निघालेला. फळ्यांना त्याचा स्पर्शही नव्हता.

"उतर खाली," मी भाचीला म्हटलं, आणि माझे गुडघे कुरकुरत असताना सुताराच्या खांद्याला धरून मी त्या खिडकीत चढून बसले. पाठ दगडाला टेकली. नळी लावली. सुतारानं आवाज हळूहळू वाढवत नेला. किंचाळी आली नाही.

वन्सं मधोमध उभ्या होत्या. मी तिथून काही ऐकू शकत नव्हते. मला दिसत होते ते त्यांचे पाय. बोटं आधी आखडलेली होती, मग ती एकेक करून फळीवर पसरली.

"श्वास घे," त्या म्हणाल्या.

मी घेतला.

"सोड. पुन्हा. तोंडानं. आता धरून ठेव." त्या चालायला लागल्या. अगदी सावकाश, अंधारात पाण्यात उतरावं तशा. दाराजवळच्या तुळईवर थांबल्या. "इथे ठोका भरीव आहे." भिंतीकडे सरकल्या. "इथे फुप्फुसाचं खालचं टोक. सोड श्वास... हं. आत्ता नुसतं सळसळलं." मग पुन्हा मध्ये आल्या, एका फळीवर पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "झडप इथे. वहिनी, तुझी झडप माझ्या अंगठ्याखाली आहे." त्यांनी हात पुढे केला. "खडू आणा कुणीतरी."

दुपार उतरेपर्यंत त्यांनी हॉलच्या जमिनीवर खडूनं छाती काढली. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी खिडकीत श्वास घेत बसले होते आणि त्या माझ्या आत फिरत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "घाबरलीयस कशाला?"

"मी कुठे घाबरलेय?"

"तोंड बंद. मी तुला विचारत नाहीये."

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी लोक दाराशी चपला काढून खडूच्या रेघांमधून चालले. एकजण खिडकीत बसायचा, बाकीचे त्याच्या छातीत उभे राहायचे. तिथे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, त्यामुळे वन्संचं काही अडतही नव्हतं. नळी योग्य जागी लावणं आणि "पुढचा" म्हणणं एवढंच त्या करत. एका लठ्ठ गृहस्थाला म्हणाल्या, "आज घरी गेलात की दवाखान्यात जा." तो म्हणाला, "हे कलाप्रदर्शन आहे ना?" वन्संनी त्याचे ओठ वाचले. "कला झाली. आता दवाखान्यात जा." संचालिका माझ्या कानाशी लागली, "असं चालेल का हो?" मी म्हटलं, "त्यांना थांबवून बघ."

शेवटी शेवटी गर्दी पांगली. भाची दिवसभर दाराशी चपला नीट लावत होती. ती स्वतः होऊन खिडकीत जाऊन बसली. वन्संनी तिच्या छातीला नळी लावली आणि जाऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"आई! ऐ-कू ये-तं-य का?" सवयीनं ती ओरडली, आणि तिचा आवाज छातीतून सगळ्या जमिनीत घुमला. मी दचकले.

वन्संनी फक्त एक बोट वर केलं. "बोलू नकोस. छाती ऐकतेय."

वन्सं इकडून तिकडे गेल्या, पुन्हा इकडे आल्या. मी कडेला फळीवर पाय पसरून बसले होते; मलाही लागत होतं ते. आधी घाईघाईचे ठोके, वरवरचा श्वास. मग हळूहळू खोल. वन्सं एकाच जागी थांबल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत.

"दमलीयस," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले, माझ्यामुळे दमलीयस. आणि सांगितलं नाहीस."

जमिनीतून एक लांब श्वास गेला, आणि अर्ध्यातच तुटला.

"रडायचं तर रड. मला कळतंय."

महिना संपत आला तेव्हा संचालिका फार दिलगिरीनं म्हणाली की केबिनवाल्यांची माणसं सोमवारपासून येतील, ही जमीन निघेल आणि फळ्या भंगारात जातील. तिला वाटलं होतं आम्ही हळहळू. मी वन्संना समोर उभं राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुताराला बोट वाकवून बोलावलं आणि विचारलं, "माझ्या बैठकीच्या खोलीत किती तुळया बसतील?"

"बाई, मग दार उघडायचं नाही. जमीन वर येईल."

"दार काप खालून."

"आणि सोफा?" भाचीनं विचारलं, ओठ दाखवून, पण न ओरडता.

"सोफ्यावर बसून काय ऐकायचंय मला?" वन्सं म्हणाल्या. त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी मिळून तो सोफा ओढत जिन्यात आणला. तो वळणावर अडकला. वन्सं खालच्या पायरीवर, भाची वर, मी मध्ये दबलेली.

"ढकल, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "श्वास घे आणि ढकल."